ड्रॉस पॅनची साफसफाई: आधी काय, मग काय आणि 'कोरडा' कशाला म्हणायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या ॲल्युमिनियमच्या एखाद्या शेडमध्ये सकाळच्या पाळीला जाऊन बघा. भट्टीशेजारी ड्रॉसचा, म्हणजे वितळलेल्या ॲल्युमिनियमवर धरणाऱ्या ऑक्साइडच्या सायीचा, पॅन रात्रीच्या पाळीनं टाकलाय तसाच पडलेला असतो. सकाळचा गडी घण उचलतो आणि पॅनला बाहेरून चार दणके घालतो. सुटेल तेवढं सुटतं, उरलेल्यावर तो चुन्याचा हात मारतो आणि 'पहिल्या ड्रॉसनंच तापंल की' म्हणत पॅन भट्टीच्या तोंडाशी सरकवतो. रोज असं करूनही बहुतेक दिवशी काही होत नाही, म्हणूनच ही सवय मोडत नाही. पण पॅन सहा महिन्यांत तडकतात ते यामुळेच, निथळलेल्या धातूत लोखंड वाढतं ते यामुळेच आणि कधीतरी पॅनमधून उडालेला रस (वितळलेला धातू) अंगावर येतो तोही यामुळेच.

हा लेख फक्त ॲल्युमिनियमच्या ड्रॉससाठी वापरायच्या बिडाच्या किंवा पोलादी पॅनबद्दल आहे. बिडाच्या भट्टीचा स्लॅग (वर तरंगणारी मळी) किंवा हुपरीच्या चांदीच्या मुशी यांचं गणित वेगळं, ते इथं लावू नका.

सगळं काम एका क्रमावर चालतं. ड्रॉस गरम असतानाच पॅन रिकामा करायचा. पॅन थंडगार व्हायच्या आत चिकटलेली खपली काढायची, मग तपासणी, मग कोटिंग, आणि तापवणं कोटिंगनंतर. तापलेला पॅन निवायच्या आत वापरात घ्यायचा. यातली एक पायरी जरी पुढेमागे झाली, तर बाकीच्यांची मेहनत फुकट जाते. आधी पॅन छान तापवून त्यावर ओलं कोटिंग मारायचं आणि लगेच वापरायला घ्यायचं, हा प्रकार मी चांगल्या सुपरवायझरांच्या डोळ्यांदेखत होताना पाहिला आहे.

## सुरुवातीची तयारी

पॅन किती हवेत? एका भट्टीला तीन. एक भट्टीपुढे, एक निवत आणि साफ होत असलेला, एक कोटिंग करून तापवलेला. दोनच असले की निवण्याचा आणि तापवण्याचा वेळ कापला जातो. 'साहेब, टायमच न्हाई' हे वाक्य ऐकू येतं ते बहुतेक अशाच शेडमध्ये. मालकाला तिसऱ्या पॅनचा खर्च दिसतो, पण वर्षात फुटलेल्या पॅनची बेरीज कोणी मांडत नाही. प्रत्येक पॅनवर नंबर वेल्डनं उठवा किंवा पोलादी पट्टी ठोकून लावा. रंगानं लिहिलेला नंबर आठवड्यात जळतो.

घमेलं चालणार नाही. लहान युनिटमध्ये बांधकामाचं पत्र्याचं घमेलं ड्रॉससाठी वापरतात. पातळ पत्रा वाकतो, कडेच्या दुमडीत पाणी धरून ठेवतो, आणि ते पाणी डोळ्याला दिसत नाही. बिडाच्या स्लॅगचा जुना पॅनही नको. त्याच्या भिंतींवर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर असतो. तापलेलं ॲल्युमिनियम त्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतं आणि प्रचंड उष्णता निघते. रेल्वेचे रूळ जोडायला जी थर्मिट प्रक्रिया वापरतात तीच ही. आपल्याकडे एकाच छपराखाली बीड आणि ॲल्युमिनियम दोन्ही ओतणारे कारखाने आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

जागा. साफसफाई भट्टीपासून दूर करा, छपराखाली, पत्र्याच्या गळक्या जोडापासून आणि पागोळ्यांपासून लांब. जमीन काँक्रीटची असेल तर पॅन थेट तिच्यावर ठेवू नका. काँक्रीटमध्ये ओल असते आणि तापलेल्या पॅनखाली त्याचे टवके उडतात. लोखंडी चॅनेलचे दोन तुकडे टाकून त्यांवर पॅन ठेवा. पॅनच्या तळाला हवा लागते, पुढं तापवतानाही तेच उपयोगी पडतात.

हत्यारं. लांब दांड्याची छिन्नी, चिपिंग हातोडी, पहार, तारेचा ब्रश, तळातलं भोक मोकळं करायला सळई, तापमान बघायची गन, पंधरा-वीस सेंटिमीटरची स्टीलची ताटली (ती कशाला ते पुढे येईल), टॉर्च आणि वही. या यादीत घण नाही, हे लक्षात घ्या.

कपडे. सुती कपडे, चामड्याचे हातमोजे आणि पायांवर चामडी पट्टे, चेहऱ्यावर शील्ड, धुळीसाठी चांगला मास्क. पावसाळ्यात लोक रेनकोट घालूनच शेडमध्ये शिरतात आणि तसेच कामाला लागतात. नायलॉनवर तापलेला थेंब पडला तर ते वितळून कातडीला चिकटतं. रेनकोट दारातच काढायचा. ओले बूट आणि टोपीवरून गळणारं पाणी हेही पॅनच्या आसपास नको.

## १. पॅन रिकामा करा, पण आधी आग विझली का बघा

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. भट्टीतून ओढलेला ड्रॉस त्याहून गरम असतो आणि त्यात चांगला धातू बराच अडकलेला असतो. तळाला भोक असलेल्या पॅनमध्ये तो निथळून खालच्या साच्यात उतरतो. तो उतरून झाला की वरचा ड्रॉस पॅनमध्ये रात्रभर ठेवायचा नाही. ड्रॉस पॅनमध्ये जितका वेळ राहतो, तितका भिंतीला जास्त चिकटतो आणि तितका पॅन जास्त भाजतो.

घाई मात्र करू नका. ओढलेला ड्रॉस आधी लालसर दिसतो आणि मग हळूहळू काळवंडतो. तो काळवंडण्याऐवजी उजळत गेला, मधे पांढरे झगमगते डाग पडले आणि पांढरा धूर निघू लागला, तर आतलं ॲल्युमिनियम जळतं आहे. अशा वेळी फावड्यानं हलवलं तर त्याला आणखी हवा मिळते. पॅनवर कोरडं, घट्ट बसणारं पोलादी झाकण ठेवा आणि बाजूला व्हा. झाकण नसेल तर कोरडा फ्लक्स (रसावर टाकायची क्षारांची पूड) पसरून हवा तोडा.

इशारा: जळत्या ड्रॉसवर पाणी कधीही नाही, ओलं पोतं नाही, साधं फायर एक्स्टिंग्विशरही नाही. भट्टीजवळ कोरड्या वाळूची झाकलेली बादली आणि धातूच्या आगीसाठीची पावडर ठेवा. वाळूची बादली उघडी असेल तर पावसाळ्यात तीच ओली झालेली असते, हे बघून ठेवा.

शांत झालेला ड्रॉस कोरड्या लोखंडी ट्रेमध्ये पातळ पसरून काढा. वरून काळा दिसला तरी ढिगाचं पोट काही तास तापलेलंच राहतं, म्हणून त्याला ढिगानं ठेवायचं नाही.

## २. खपली काढा: ना लालभडक, ना थंडगार

सगळ्यात जास्त पॅन या पायरीवर मरतात.

ड्रॉस काढल्यावर भिंतींना आणि तळाला धातू, ऑक्साइड आणि फ्लक्स यांची मिळून एक खपली राहते. ती कधी काढायची याला एक वेळ आहे. पॅन लाल असताना खरवडलं तर मऊ धातू नुसता पसरतो. सकाळपर्यंत ठेवलं तर वेगळीच भानगड होते. फ्लक्समध्ये मीठ आणि त्याच्याच जातीचे क्षार असतात आणि ते हवेतली ओल ओढतात. आषाढात मिठाच्या बरणीचं काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे. तेच त्या खपलीचं होतं, रात्रीतून ती ओली होते, आणि ती ओल पोटात असल्यामुळे वरून हात लावून कळत नाही.

म्हणून पॅन २०० ते १०० अंशांच्या दरम्यान उतरला की कामाला लागा. निवताना ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं, त्यामुळे या वेळेपर्यंत खपली भिंतीपासून आपोआप थोडी सुटलेली असते. कोटिंग बरं असेल आणि पॅनच्या भिंती वर बाहेरच्या बाजूला कललेल्या असतील, तर पॅन वाकडा केला की ती अख्खी भाकरीसारखी निघून येते.

निघाली नाही तर:

- कडेपासून सुरुवात करा. जिथं फट पडलेली दिसते तिथं छिन्नी आडवी घालून पहारीनं अलगद उचला. मधोमध उभी छिन्नी मारू नका.
- हातोडी खपलीवर चालवा, पॅनवर नको. बाहेरून घण घातला की बिडाच्या भिंतीत केसासारखी चीर पडते. पुढच्या वेळी रस त्या चिरेत शिरतो, तिथंच गोठतो आणि खपलीला खुंटीसारखा धरून ठेवतो. मग ती खपली सुटत नाही, मग आणखी जोरात घण. पॅनचं आयुष्य असं संपतं आणि लोक म्हणतात बीडच खराब होतं.
- कोपऱ्यातलं उरलेलं तारेच्या ब्रशनं काढा. तळातलं भोक सळईनं मोकळं करा आणि टॉर्च धरून आरपार उजेड दिसतो का बघा.
- काही ठिकाणी चकचकीत धातू भिंतीलाच जडून बसलेला दिसेल. तिथलं कोटिंग उडून ॲल्युमिनियम सरळ लोखंडाशी जुळलं आहे. ग्राइंडर लावायचा झाला तर आसपास ड्रॉसची धूळ राहू देऊ नका.

इशारा: हवेच्या पाइपनं पॅन फुंकून साफ करू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली की ठिणगीची वाट बघत राहते. दुसरं म्हणजे, कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी पावसाळ्यात लाइनमधून बाहेर येतं. कोरडा पॅन तुम्ही स्वतःच ओला करून ठेवता.

आणि पाणी टाकून खपली 'तडकवणं' हा जो जुना उपाय आहे, तो आजच सोडा. तापलेलं बीड पाण्यानं फुटतंच. शिवाय ड्रॉसमध्ये ॲल्युमिनियमचा नायट्राइड असतो, त्याला पाणी लागलं की अमोनिया निघतो. कार्बाइडमधून मिथेन आणि धातूच्या बारीक कणांपासून हायड्रोजनही निघू शकतो. ओल्या ड्रॉसजवळ मुतारीसारखा उग्र वास येतो तो अमोनियाचा. वास आला तर दारं-खिडक्या उघडा, ठिणगीचं काम थांबवा आणि पाणी कुठून आलं ते शोधा.

## ३. तपासणी: खणखणीत की बद्द

साफ झालेला पॅन चॅनेलवर मोकळा ठेवून निवू द्या आणि छोट्या हातोडीनं जागोजागी हलकेच वाजवा. कुंभाराकडून मडकं घेताना टिचकी मारतो तसं. चांगलं बीड खणखणतं. बद्द आवाज आला की चीर शोधा. चीर बहुतेक तळ आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात, उचलायच्या कानांच्या मुळाशी किंवा फोर्कलिफ्टचे काटे जातात त्या खाचेत असते.

चीर दिसत नाही पण संशय आहे, तर जुनी पद्धत वापरा. थंड पॅनला आतून रॉकेल लावा, पुसून घ्या, बाहेरून खडूची पूड चोळा. चीर आरपार असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. एवढं केल्यावर तो पॅन बर्नरवर नीट जाळून घेतल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका.

पॅन कशामुळे बाद करायचा:

- उचलायच्या कानाला कुठलीही चीर. यात चर्चा नाही. बिडाचा कान वेल्ड करून परत लावलेला पॅन मी स्वतः भंगारात टाकलेला आहे आणि त्यावरून शिव्याही खाल्ल्या आहेत. असा वेल्ड दिसायला पक्का असतो, पण बाजूचं बीड ठिसूळ होतं आणि भरलेला पॅन क्रेनवर असताना तो सुटतो.
- भिंतीत आरपार चीर.
- तळ इतका वाकला की पॅन सपाट जागेवर डुगडुगतो.
- भिंत खाल्ली जाऊन जाडी मूळच्या दोन-तृतीयांशापेक्षा कमी झाली. हा आमचा स्वतःचा ठोकताळा, तुमचा पॅन मुळातच पातळ असेल तर आणखी आधी थांबा.

वरवरच्या केसासारख्या चिरा जुन्या पॅनमध्ये असायच्याच. त्या वहीत टिपून ठेवा आणि दर आठवड्याला वाढतात का बघा. चेन आणि हूक यांचीही वर्षातून एकदा सक्षम माणसाकडून तपासणी होते ना, ते याच वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.

गंजाचं काय? सुटा, पापुद्रे सुटलेला गंज पूर्ण काढायचा. गंजात पाणी बांधलेलं असतं आणि तो लोखंडाचा ऑक्साइडही आहे, म्हणजे धोका दुहेरी. गंज चढू नये म्हणून पॅनला जळकं ऑईल फासणारे लोक भेटतात. भट्टीचा रस त्या तेलावर पडला की भडका उडतो. ऑईल लावलेला पॅन आधी उघड्यावर नीट जाळून घ्या, आणि ज्यानं लावलं त्याला तो जाळताना समोर उभा करा.

## ४. कोटिंग: चुना का नको

कोटिंगचं काम एकच, रस आणि लोखंड यांच्यात पडदा धरणं. पडदा नसेल तर ॲल्युमिनियम लोखंड विरघळवून घेतं. एलएम२५ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत लोखंड ०.५ टक्क्यापर्यंतच चालतं आणि एलएम६ मध्ये ०.६ पर्यंत. एडीसी१२ मध्ये मर्यादा १.३ टक्के असल्यानं डायकास्टिंगवाल्यांना (साच्यात रस दाबानं भरणाऱ्यांना) तितका चटका बसत नाही. पण ग्रॅव्हिटीवाल्यांनी (साच्यात रस नुसता ओतणाऱ्यांनी) पॅनखालून निथळलेला धातू थेट भट्टीत परत टाकायची सवय लावून घेतली असेल, तर आधी त्याचं स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे याची यंत्रावरची तपासणी, काढून बघा.

आपल्याकडे सर्रास विरवलेला चुना लावतात, कारण तो स्वस्त आहे आणि पांढरा दिसतो. अडचण अशी की विरवलेल्या चुन्याच्या अंगातच पाणी असतं. वरची ओल १०० अंशांला जाते, पण अंगातलं पाणी ५०० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय सुटत नाही. तुम्ही पॅन २५० अंशांपर्यंत तापवला, हाताला-डोळ्याला कोरडा वाटला, तरी जाड थरात पाणी आहेच, आणि ते रस पडल्यावर सुटणार. पातळ हातानं लोक निभावून नेतात, पण कोपऱ्यात बोटभर साचलेला चुना निभावत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या अंगातही पाणी असतं, फक्त ते चुन्यापेक्षा कमी अंशांला सुटतं.

त्याऐवजी व्हायटिंग, म्हणजे खडूची बारीक पूड वापरा, किंवा सप्लायरकडून मिळणारं तयार कोटिंग. बोरॉन नायट्राइडचं कोटिंग सर्वात चांगलं, पण महाग. ते फक्त भोक आणि त्याभोवतालच्या तळाला लावलं तरी फरक पडतो. घरगुती मिश्रण आम्ही असं करायचो: एक लिटर पाणी, पाव किलो चाळलेली व्हायटिंग, साधारण ५० मिली सोडियम सिलिकेट. सिलिकेटचा ड्रम बहुतेक फाउंड्रीत सापडतोच, कारण सीओटू मोल्डिंगला (कार्बन डायऑक्साइड वायू सोडून वाळूचे साचे घट्ट करायच्या पद्धतीला) तेच लागतं. ते 'जरा जास्त' घालायचा मोह होतो. घालू नका, थर काचेसारखा होतो आणि पापुद्र्यानं उडतो.

लावायची रीत:

- पॅन आता चांगला निवलेला असेल, तर त्याला परत १०० ते १५० अंशांपर्यंत आणा. गन नसेल तर आंबोळीच्या तव्याची परीक्षा करा. भट्टीपासून लांब, रिकाम्या पॅनवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र होऊन लगेच आटले तर बरोबर. थेंब मोती होऊन नाचायला लागले तर पॅन जास्त तापलाय, कोटिंग धरणार नाही. थेंब नुसते बसून राहिले तर कमी तापलाय, कोटिंग ओघळून तळाला साचेल.
- मिश्रण पातळ ताकाएवढं असू द्या आणि दर वेळी ढवळून घ्या, पूड तळाला बसते.
- दोन पातळ हात. पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. दोन्ही मिळून पोस्टकार्डाएवढी जाडी पुरे.
- कोपऱ्यात आणि भोकात साचलेलं ब्रशनं उचलून घ्या.
- जुन्या खपलीवर कोटिंग कधीच नाही. खाली ओल कोंडली जाते आणि ती कुठे आहे ते कोणालाच कळत नाही.

तपासा: सुकल्यावर नखानं हलकं खरवडा. थोडी पूड बोटाला लागली तर ठीक. पापुद्रा निघाला तर सगळं काढून पुन्हा करा.

## ५. तापवणं: 'कोरडा' म्हणजे किती

एक चमचा, म्हणजे ५ मिली पाणी घ्या. ७०० अंशांला त्याची वाफ २० लिटरहून जास्त जागा मागते, तेलाच्या मोठ्या डब्यात मावणार नाही एवढी. ही वाफ रसाच्या वर असेल तर निघून जाते. रसाच्या खाली अडकली तर रसाला घेऊन वर येते.

म्हणून 'हाताला कोरडा' याला काही अर्थ नाही. माझा नियम असा: पॅनचा सगळ्यात जाड भाग २५० अंशांला पोचला पाहिजे आणि पोचल्यानंतर किमान अर्धा तास तिथंच राहिला पाहिजे. पॅन पावसात भिजला असेल किंवा महिनाभर पडून असेल तर ३०० अंश आणि एक तास.

गनवर आंधळा विश्वास ठेवू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती फारच कमी आकडा दाखवते. बाहेरची काळी, खरबरीत भिंत आणि कानाचं मूळ इथं मोजा. तापमान दाखवणारा खडू मिळत असेल तर तो उत्तम, ठरलेल्या अंशाला त्याची रेघ वितळते आणि वाद मिटतो.

एलपीजीच्या बर्नरची एक गोम आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड पॅनमध्ये ज्योत सोडली की पहिली काही मिनिटं पॅनला घाम सुटतो, भिंतीवर थेंब दिसतात, ते ओघळून खालच्या खाचेत जातात. काही जण थेंब नाहीसे झाले की बर्नर बंद करतात. प्रत्यक्षात तेव्हा आत वरवरचं कोरडं झालेलं असतं आणि खाच भिजलेली असते. म्हणून पॅन चॅनेलवर उचलून ठेवा, अर्धा वेळ आतून, अर्धा वेळ खालून तापवा आणि ज्योत एका जागी रोखून धरू नका. नवा बिडाचा पॅन पहिल्यांदा तापवताना तासाला साधारण १०० अंशांपेक्षा वेगानं नेऊ नका.

तपासा: आता ती ताटली. बर्नर पूर्ण बंद करा, दोन मिनिटं थांबा, थंड कोरडी ताटली चिमट्यानं पॅनच्या तोंडावर धरा. धुकं धरलं तर ओल आहे, पुन्हा तापवा. खालून खाचेजवळ आणि भोकाशीही धरून बघा. खालचा धातू गोळा करायचा साचा, झारा, रेक, सळई यांनाही हाच नियम लागू. पॅन तापवलाय पण त्यात घातलेला झारा भिंतीला टेकून ओला झालेला, अशी गत मी बघितली आहे.

तापलेल्या पॅनवर खडूनं वेळ लिहा. तो ११० अंशांच्या खाली उतरला की पुन्हा तापवायचा, मग सकाळी तो कितीही मनापासून तापवलेला असो.

## ६. वापरात असताना

पहिला ड्रॉस थोडा घाला आणि दोन पावलं मागं या. आवाज, बुडबुडे काही नाही, मग पुढचा. पॅन काठोकाठ भरू नका. भिंतीवर खरखरीत रेक घासून कोटिंग उडवू नका. पाळीच्या मध्ये कोटिंग उडालेलं दिसलं तर त्यावर ओला ब्रश फिरवायची इच्छा होईल, पण तसं करू नका. तो पॅन बाजूला काढा आणि तयार असलेला पुढे घ्या. तिसरा पॅन याच वेळेसाठी असतो.

## ७. वळीव, पावसाळा आणि खंडेनवमी

जून ते सप्टेंबरची सगळे काळजी घेतात. गोत्यात आणतो तो एप्रिल-मेमधला वळीव. दुपारपर्यंत रखरखीत ऊन असतं, पॅन बाहेर अंगणात निवायला ठेवलेले असतात, चार वाजता काळं आभाळ येतं आणि अर्ध्या तासात सगळं भिजतं. संध्याकाळी पुन्हा ऊन पडतं आणि रात्रीच्या पाळीला पॅन कोरडाच दिसतो. म्हणून पॅन बाहेर ठेवायचेच नाहीत, कुठल्याच महिन्यात. ठेवायला लोखंडी मांडणी करा, पॅन उपडे, जमिनीपासून वीतभर उंच, खाली हवा खेळती. ताडपत्रीत गुंडाळू नका, आत घाम धरतो.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. हत्यारांची पूजा म्हणून अख्खी शेड पाइपनं धुतात, आणि धुण्याच्या भरात पॅनही. एका कारखान्यात मी असाच धुतलेला, हळद-कुंकू लावलेला, फुलं वाहिलेला पॅन दसऱ्यानंतरच्या पहिल्या पाळीला भट्टीपुढे ठेवलेला पाहिला.

"मामा, हा तापवलाय का?"

"पुजलेला हाय साहेब, काय व्हतंय त्याला?"

तो पॅन बाजूला घेऊन बर्नर लावला, तर काट्याच्या खाचेतून पाणी टपटपलं. त्या दिवसापासून त्या शेडमध्ये पूजेला एकच बाद पॅन ठेवला, कायमचा. बाकीच्यांना कोरड्या फडक्यानं पुसून नमस्कार. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळेच पॅन भिजलेले आहेत असं समजून ३०० अंशांचा नियम लावा, मग कोणाला विचारायची गरज पडत नाही.

## ८. निघालेल्या खपलीचं काय करायचं

खपली आणि ड्रॉस कंपाउंडच्या मागं, नाल्याच्या कडेला किंवा रस्त्याच्या खड्ड्यात टाकायचा नाही. पाऊस पडला की तो वास सोडतो, तापतो आणि त्यातले क्षार विहिरीपर्यंत जातात. ड्रॉस हा घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो साधारण ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही, आणि देताना अधिकृत परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यायचा, फॉर्म १० (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद) भरून. 'रोख देतो, कागद नको' म्हणणारा टेम्पोवाला भाव बरा देतो, पण प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस टेम्पोवाल्याच्या नावानं येत नाही.

साठवायला झाकणाचे कोरडे ड्रम घ्या. ड्रॉस पूर्ण निवल्यावरच भरा. झाकण टेकवून ठेवा, पण हवाबंद करू नका, ओल राहिली असेल तर वायू कोंडतो. ड्रमवर तारीख आणि पॅनचा नंबर लिहा. एकाच नंबरच्या पॅनमधून दर वेळी जास्त खपली निघत असेल, तर वही काढा आणि त्या पॅनला कोटिंग कोण, कधी आणि किती गरम असताना लावतो ते बघा.